निळीचं पिंप

मनुबाईनं घोंगडीच्या तुकड्यावर ठसा दाबला आणि वरून तळहाताच्या गादीनं एक धपका दिला. ठसा उचलून बघते तर फुलाच्या जागी नुसता चिखलाचा गोळा. लोकरीच्या केसांत माती गुरफटून बसली होती. पाकळी कुठली नि देठ कुठला, काही पत्ता नाही.

"ऊब देतीस तेवढीच दे बाई," ती घोंगडीला म्हणाली. "फुलं काय तुझ्या नशिबात न्हाईत."

सकाळपासून तिचा हाच उद्योग चालला होता. काळी माती, चुना आणि बाभळीचा डिंक कालवून केलेला लेप एकेका कापडावर द्यायचा आणि उन्हात टाकायचा. लेप नीट धरला की ते कापड निळीत बुडवायचं. लेपाखाली नीळ शिरत नाही, आणि धुतल्यावर निळ्या अंगावर पांढरी नक्षी उघडी पडते. तिच्या बापाच्या हातची ही कला. मध्यंतरी बाजारात जर्मनीच्या रंगाच्या पुड्या आल्या आणि रंगारगल्लीतली निळीची पिंपं झाकली गेली. मग लढाई पेटली, पुड्या यायच्या बंद झाल्या, आणि निपाणीच्या रंगाऱ्यांना आपापले बाप पुन्हा आठवले.

दोरीवरच्या तुकड्यांकडं ती डोळे बारीक करून बघत होती. गोणपाटानं लेप पिऊन टाकला होता. शहापूरच्या रेशमाच्या चिंधीवरून तो घरंगळून खाली ओघळला होता. मलमलीवर नक्षी देखणी उठली, पण वाऱ्यानं कापड हललं की पापुद्रे गळत होते. टिकला तो मांजरपाट, राखेच्या पाण्यात उकळून खळ काढलेला, जाडाभरडा. विठोबाच्या देवळातल्या सभामंडपाला नवं छत द्यायचं होतं. काम भावानं, आण्णाप्पानं, आपल्या नावावर घेतलं होतं. करायचं मात्र हिनंच होतं. मांजरपाटाचंच करायचं, तिनं ठरवून टाकलं. काठाला ठशाची वेल, आणि मधे टाळ, वीणा, चिपळ्या हातानं काढायच्या, बोरूनं.

तेवढ्यात शेजारची शालूबाई धावतच आत आली. हातात साखरेची वाटी.

"आ कर!"

"का गं?"

"कर म्हंते न्हवं! पाव्हणं जित्तं हाईत म्हणं तुझं! बसऱ्याकडनं खबर आलीया. आन् तू हितं चिखलात हात घालून बसलीयास व्हय गं!"

साखर जिभेवर पडली. मनुबाई उठून उभी राहिली.

तिचा नवरा शामू पलटणीचा शिंपी होता. बेळगावच्या कॅम्पातून पलटण निघाली तसा तोही आपली कातर घेऊन बसऱ्याच्या बोटीवर चढला. पुढल्या पावसाळ्यात एक शिपाई संकेश्वरला, तिच्या सासरच्या दारात येऊन सांगून गेला की तापानं गेला. देह कुणी बघितला नाही, राख आली नाही. एका परक्या माणसाच्या तोंडच्या शब्दावर तिनं बांगड्या फोडल्या होत्या आणि मागाहून भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन आला होता. आता दुसरा शब्द आला होता. साखर विरघळेपर्यंत तिनं तो खरा मानला. आधाराला हात भिंतीला गेला आणि भिंतीवर चिखलाची पाच बोटं उठली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हंजे? तुझ्या अण्णानंच की! तंबाखूच्या वखारीपाशी हुबा ऱ्हाऊन समद्यांस्नी सांगतोय."

मनुबाईची मान हळूहळू परसाकडं वळली. परसात, गवती छपराखाली, निळीचं पिंप जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेलं होतं. चार दिवसांमागं ते नासलं होतं.

तिनं तोंडातली साखर थुंकून टाकली.

रंगाऱ्याच्या घरात जन्मलेल्या पोरीला पुढचं सांगावं लागत नाही. निळीचं पिंप हा जिवंत जीव. त्याला ऊब लागते, खाणं लागतं, रोजचं ढवळणं लागतं. जितं असलं की वर तांबूस साय धरतं आणि आतलं पाणी हिरवट पिवळं असतं; नासलं की काळं नि आंबूस. आणि नासलेलं पिंप उठवायला बापजाद्यांनी एक तोड सांगून ठेवली आहे. गावात एक मोठी थाप सोडून द्यायची. लोकांनी ती खरी मानली की पिंप उठतं. मात्र ते रिकामं होईपर्यंत थाप फुटता कामा नये. फुटली की पिंप मेलं. म्हणून कुणी दोन तोंडांचं वासरू झालं म्हणतं, कुणी काकतीकडं विहिरीला दूध लागलं म्हणतं. गाव चार दिवस चघळतं, निळीचं काम होतं, आणि कुणाचं काही जात नाही.

आण्णाप्पा घरी आला तो शीळ घालतच. सरळ परसात गेला, झाकण सारलं, काठीनं पिंप ढवळलं आणि बायकोला ओरडूनच सांगितलं,

"उठलं! बाळे, पिंप उठलं बघ गं!"

"कुणाच्या मढ्यावर उठलं ते बी सांग की," मनुबाई मागून म्हणाली.

शीळ थांबली. आण्णाप्पानं काठी पिंपाच्या काठाला टेकवली.

"मने, ऐकून तर घे. ल्हान थाप पचली न्हाय त्याला. दुधाची हीर सांगितली, तर लोक म्हणाले, बरं झालं, म्हस इकून टाकू. वासराचं सांगितलं, कुणी उठून बघाय बी गेलं न्हाय. म्हटलं, लोकास्नी खरं वाटंल असं कायतरी…"

"मग माझा नवराच घावला व्हय तुला? बायकू पळाली म्हणून सांगायचं हुतंस. तुझं त्वांड बघून ते बी लोकांनी खरं मानलं असतं!"

दारात उभी असलेली आण्णाप्पाची बायको बाळाबाई पदर तोंडात कोंबून आत पळाली.

"वाईट काय बोललो मी? जित्त्याला मारलं न्हाय. मेल्याला जित्ता केला."

"मेल्याला जित्ता करणारा देव लागून गेलास तू! त्याचं नाव बाजारात टाकलंस अण्णा, कांद्याबटाट्यासारखं."

"हळू बोल! पिंप ऐकतंय." त्याचा आवाज खरोखरच खाली आला. "आन् छत तुझंच हाय न्हवं? तुझ्या हातची नक्षी. थाप फुटली तर पिंप जाईल, मग तुझा मांजरपाट बसंल चिखल घेऊन. छत हुईस्तवर गप ऱ्हा. आन् आता तुला पिंपापाशी यायला बी आडकाठी न्हाय. गाव तुला सवाशीण म्हंतंय. ये, वाकून बघ."

विधवेची सावली निळीवर पडू नये असा त्या घरचा दंडक होता. म्हणून गेली दोन वर्षं मनुबाई छपराच्या कडेला उभी राहून लेप देत होती आणि बुडवायचं काम आण्णाप्पा करत होता. आज तो तिला हाताची खूण करून बोलावत होता, जणू मोठं वाणच देत होता.

तिच्या ओठावर शब्द आले आणि दातांनी ते आत ओढून घेतले. पिंप थापेनं उठलंच नव्हतं. परवा आण्णाप्पा वासराची थाप घेऊन बाजारात फिरत असताना मनुबाईनं टाकळ्याचं बी शिजवलं होतं, त्यात गूळ नि चुना घालून तो कोमट काढा पिंपाच्या पोटात ओतला होता. बाप असाच करायचा; थापही मारायचा नि काढाही ओतायचा, आणि नाव थापेचं व्हायचं. बाळाबाई दाराशी राखणीला उभी होती. आज सकाळी आण्णाप्पा घराबाहेर पडला तेव्हाच पिंपावर साय धरली होती. त्यानं झाकण उघडून बघितलंसुद्धा नाही. हे बोलावं तर विधवेचा हात पिंपाला लागू दिला म्हणून मार खाणार ती बाळाबाई. बहिणीवर त्याचा हात उठत नसे. बायकोवर उठे.

मनुबाईनं हातातला ठसा पायरीवर आपटला. शिसवी लाकूड, त्याला ओरखडाही आला नाही. त्याचाही तिला राग आला.

त्या दिवसापासून ती जमिनीवर मांजरपाट अंथरून बोरूनं लेप काढत बसली. रागानं हात थरथरतो म्हणतात, तिचा तर खिळ्यासारखा स्थिर झाला होता. वीणेची तार एका दमात ओढली जाई. आधी तिनं काठाला ठशाची वेल दिली, मग ती पुसून टाकली आणि तिथं बोरूनं तंबाखूची रुंद पानं काढली. तिला माहीत असलेली तीच तर पानं; चहूकडं शेतांत डुलत होती ती.

"देवाच्या डोक्यावर तंबाखू?" आण्णाप्पा म्हणाला.

"तुझ्या थापंपेक्षा सोवळी हाय."

गल्लीतल्या बाया ओटी घेऊन येत. कुणी कुंकवाची कोयरी पुढं करी. मनुबाई म्हणे, "दारात हुबा ऱ्हाऊ दे आधी, मग लावा." बाया तिच्या धीराचं कौतुक करत जात आणि ती दात आवळून पुन्हा बोरू उचले. आण्णाप्पानं छत एकदा बुडवलं, वाळवलं, पुन्हा बुडवलं. आणखी एक बुडी राहिली होती. तेवढी झाली की सांगून टाकायचं. घराघरांत जाऊन सांगायचं. एवढ्याच बोलीवर ती दिवस ढकलत होती.

मधे एकादशी आली. माहेरी आल्यापासून एकादशीचं कीर्तन मनुबाईनं चुकवलं नव्हतं. बांगड्या फोडून आली त्या महिन्यातही ती खांबाच्या आडोशाला बसून ऐकत होती. पोटात काही जात नव्हतं तेव्हा कानातून जे गेलं त्यावरच ती जगली होती. बुवा म्हातारे होते, गळा बसका होता. पण टाळाचा ठेका धरून ते नामाला लागले की माणसं आपली घरंदारं बाहेर चपलांजवळ ठेवून यायची. नमन झालं, निरूपण झालं. बुवांनी उपरणं सावरलं, चिपळ्या वाजवल्या आणि पुढच्या कथेला हात घातला.

"लांबचं आख्यान कशाला सांगू? याच निपाणीत, याच गल्लीत, त्यानं एका लेकीचं पुसलेलं कुंकू परत दिलं. समुद्रापल्याड मेला म्हणून टाकलेला जीव त्यानं उचलून धरला. तो बघत नाही असं पुन्हा म्हणाल?"

बुवांच्या डोळ्यांतून खरंखुरं पाणी वाहत होतं. मंडपभर विठ्ठलाचा गजर उठला. बायांच्या सगळ्या माना खांबाकडं वळल्या.

मनुबाई उठली. भर कीर्तनातून, बायांच्या मांड्यांवर पाय देत ती बाहेर पडली. तसं त्या देवळात कधी कुणी केलं नव्हतं. मागून कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "भरून आलं असंल बिचारीला." बुवांवर तिला रागावता येईना. त्या गळ्यानं आजवर खोटं गायलं नव्हतं. आज गायलं ते तिच्या नावानं, आणि जीव ओतून. घरापर्यंत ती पायाखालचे धोंडे लाथाडत गेली.

दोन दिवसांनी दुपारी अंगणात एक म्हातारी येऊन उभी राहिली. गुडघ्यांपर्यंत धुळीनं भरलेली, काखेत गाठोडं. शामूची आई मालुबाई संकेश्वरहून आली होती. अर्ध्या वाटेपर्यंत गाडीवानानं बसवून घेतलं होतं, उरलेली वाट ती चालत आली होती.

"आत्याबाई!" मनुबाई बोरू धूत होती, तो तसाच टाकून उठली.

"मला का गं न्हाईस कळवलंस?" म्हातारी उंबऱ्यावर टेकत म्हणाली. रागाचा लवलेश नव्हता. नुसतं हसत होती. "तंबाखूचं गाडीवान बाजारात बोलत हुतं तवा कळलं. म्हटलं, सुनंला सवड झाली नसंल. आनंदात माणूस यिसरतंच."

मनुबाईनं परसाकडं बघितलं. छत दोन बांबूंवर टांगलेलं होतं, शेवटच्या बुडीची वाट बघत. छपराखालून आण्णाप्पा तिच्याकडं बघत होता आणि दोन्ही हात जोडत होता. एक बुडी. तासाभराचं काम.

"आधी जेवा आत्याबाई," ती म्हणाली, आणि हे आपण कुणासाठी म्हणालो ते कळून तिचे कान तापले.

बाळाबाईनं ताट वाढलं. म्हातारी खाईना, नुसती बोलत सुटली. शामूची धाकटी कातर गंजली होती, तिला धार लावून आणली. त्याची बसायची चटई उन्हात टाकली. शेजारणीला विचारून ठेवलं की बसऱ्याहून आलेल्या माणसाला आधी काय घालावं, पेज का भाकरी. मनुबाई समोर बसून ऐकत होती. एकेक शब्द तिच्या अंगावर निखाऱ्यासारखा पडत होता, आणि प्रत्येक निखाऱ्यासरशी तिला परसातलं ते टांगलेलं कापड दिसत होतं, वीणेच्या तारेसकट. एवढी एकच चांगली गोष्ट आपल्या हातून झाली, आणि तिच्यापायी आपणही तोंड शिवून बसलोय. अण्णात नि आपल्यात मग फरक तो काय?

म्हातारीनं गाठोडं सोडलं. फडक्यात हिरव्या बांगड्या होत्या, त्यांच्याखाली कुंकवाची डबी. तिनं डबी उघडली, अंगठा बुडवला आणि सुनेच्या कपाळाकडं नेला.

मनुबाईनं तिचं मनगट वाटेतच धरलं.

"या," ती म्हणाली. "परसात चला."

"अगं, कुंकू तर लावू दे…"

"चला म्हंते न्हवं!"

मनगट न सोडता तिनं म्हातारीला छपराखाली, पिंपाच्या काठाशी आणून उभं केलं. आण्णाप्पा मधे आला. "मने, आत्याबाई दमल्यात, त्यास्नी निजू दे…" तिनं त्याला कोपरानं बाजूला केला.

"आत्याबाई, पिंप नासलं हुतं," ती म्हणाली.

तेवढंच. मालुबाई रंगाऱ्याची लेक होती आणि रंगाऱ्याची सून. तिला सगळं उमगलं. तिनं झाकण सारलेल्या पिंपाकडं बघितलं, मग आण्णाप्पाकडं बघितलं. अंगठ्यावरचं कुंकू तसंच होतं.

"फोडलीस!" आण्णाप्पा ओरडला. "फोडलीस भवाने! पिंपाच्या तोंडावर फोडलीस! घर बुडवलंस माझं!" तो कपाळावर हात मारून खाली बसला.

मालुबाई बोलली. आवाज एकदम म्हातारा झाला होता.

"मग आता मेलं असंल त्ये. माझ्या बाच्या पिंपाची थाप थोरल्या भावानं दारू पिऊन फोडली. सांज व्हायच्या आत काळं झालं, बघ. मी डोळ्यानं बघितलंया."

"मेलं न्हाय तर काय!" आण्णाप्पा बसल्या जागेवरून म्हणाला. "बुडव आता तुझं छत! बुडव की! बघ काय भाईर निघतंय."

मनुबाईच्या अंगात आठवडाभर साठलेलं सगळं त्या क्षणी उसळलं. तिनं बांबूवरचं छत ओढलं, त्याच्या घड्या कवेत घेतल्या.

"अगं नासक्या पाण्यात लेप सुटल! मने!"

तिनं ऐकलं नाही. पिंपाची तिला भीती नव्हती. त्याच्या पोटात काय गेलंय ते तिला ठाऊक होतं. तिला एवढंच हवं होतं की या माणसाच्या डोळ्यांदेखत कापड निळं व्हावं, आणि त्यानं नवऱ्याचं नाव ज्यासाठी बाजारात टाकलं ती गोष्ट मुळात फुकट होती हे त्याला दिसावं. कोपरापर्यंत हात घालून तिनं छत दाबलं. पिंपाचा उबदार, कुबट वास वर आला. ती मनात नाम घेत राहिली. किती वेळ, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग तिनं ओढलं.

कापड वर आलं ते हिरवं. कच्च्या कैरीसारखं हिरवं. वारा लागला तसा कडेनं रंग फिरू लागला. आधी मोरपंखी, मग निळा, मग दाट, रात्रीसारखा निळा. लेप जागचा हलला नव्हता. तंबाखूचं एकेक पान, वीणा, चिपळ्या चिखलाच्या रेघांत जशाच्या तशा होत्या.

आण्णाप्पा उठून उभा राहिला. त्याचं तोंड उघडं होतं.

"बघ!" मनुबाई त्याच्यावर गरजली. "मेलं? सांग की, मेलं? तुझ्या थापंनं न्हवं, तर…"

"जित्तं हाय," मालुबाई म्हणाली.

ती पुढं आली होती. तिनं ओल्या कापडाला बोट लावलं, ते बोट डोळ्यांजवळ नेलं.

"जित्तं हाय की गं. तू खरं सांगितलंस. पिंपाच्या तोंडावर सांगितलंस. तरी जित्तं हाय."

कापडातून निळे थेंब जमिनीवर गळत होते.

"थाप फुटली असती तर मेलं असतं," म्हातारी सावकाश म्हणाली, हिशेब चुकू नये अशी. "मेलं न्हाय. म्हंजे ती थाप न्हवतीच." ती आण्णाप्पाकडं वळली. तिचा चेहरा उजळत चालला होता, आणि तो बघणं मनुबाईला सोसवेना. "पोरा, तुला वाटलं तू थाप मारलीस. तुझ्या तोंडनं इठोबानंच वदवलं रं. गाडीवान सांगत हुता, बुवा बी कीर्तनात असंच म्हणालं. कीर्तनात कुणी उगंच सांगंल व्हय?"

आण्णाप्पानं पिंपाकडं बघितलं, मग बहिणीकडं. तो रंगारी होता. म्हातारीच्या बोलण्यात त्याला कुठं खोट सापडत नव्हती. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

तेव्हा बाळाबाई दारातून पुढं आली. तिचा आवाज मोठा होता.

"आत्याबाई, तसं न्हवं. मी सांगते. मार खाईन, पर सांगते. त्या दिशी वन्सं नि मी, आमी दोघींनी मिळून पिंपात…"

"वहिनी!" मनुबाई ओरडली.

बाळाबाई थांबली.

कोपरापर्यंत निळे झालेले हात मनुबाईनं लुगड्याला पुसले. ते पुसले जाणार नाहीत हे माहीत असूनही पुन्हा पुसले.

"वहिनी," ती म्हणाली, "घरात भाकरी किती हाईत?"

बाळाबाईनं चुलीजवळच्या टोपलीकडं बोट केलं.

मालुबाईची मात्र आता घाई सुरू झाली होती. बांगड्यांचं फडकं तिनं सुनेच्या हातात कोंबलं. कुंकू लावायचीही तिला गरज वाटली नाही. "ते आता त्योच लावंल," म्हणाली. गाठोडं उचललं, पदर खोचला.

"आत्याबाई, उद्या जावा. ऊन हाय."

"न्हाय गं बाई, मला थांबायचं न्हाय. दाराला कडी घालून आलीया मी. पोरगं आलं नि दार बंद दिसलं, तर अंगणात हुबं ऱ्हाईल. त्येला हाक मारायची लाज वाटती, ल्हानपणापास्नं."

मनुबाई चुलीपाशी गेली. टोपलीतून भाकऱ्या काढल्या, फडकं अंथरलं, वर कांदा नि चटणीचा गोळा ठेवला. मागून म्हातारीचा आवाज आला,

"दोघांपुरत्या घाल गं. भुकेला असंल त्यो."

आण्णाप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला होता. "मने," तो हळूच म्हणाला, "खरंच असंल का गं?"

तिनं त्याच्याकडं मान वर करूनही बघितलं नाही. टोपली उपडी केली. होत्या तेवढ्या सगळ्या भाकऱ्या फडक्यात घातल्या, चारी टोकं एकत्र घेतली आणि निळ्या बोटांनी गाठ करकचून आवळली.